दुपारचं पाणी

ज्ञानदेवाच्या विहिरीचं पाणी गोड आहे, हे हिंजवडीत कुणी नाकारत नसे. नाकारणाऱ्याला तो हाताला धरून विहिरीवर न्यायचा, तांब्याभर पाजायचा आणि पुन्हा विचारायचा. चैत्रात शिवारातल्या बाकीच्या विहिरींचे तळ दिसू लागले तरी याची मोटर सकाळ-संध्याकाळ चालू असे. त्या पाण्यावर तो भर उन्हाळ्यात कोथिंबीर काढायचा आणि मार्केट यार्डातले अडते त्याच्या मालाची वाट बघायचे. त्यामुळे चिंचवडच्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचा कागद बघून "पोटातलं पाणी कमी झालंय" असं म्हणाल्या, तेव्हा ज्ञानदेवाला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की बाई आपल्या विहिरीला नावं ठेवतायत.

"कमी कसं?" तो म्हणाला. "आमच्याकडं पाण्याला तोटा न्हाई."

"अहो आजोबा, मी तुमच्या विहिरीबद्दल बोलत नाहीये. पोटात बाळ ज्या पाण्यात असतं, त्याबद्दल बोलतेय. ते तुमच्या मोटरीनं भरता येत नाही."

ज्ञानदेवानं टोपी सारखी केली. 'आजोबा' या शब्दानं तो मनातून सुखावलाही होता. सून रुपाली टेबलाशी पदर सावरून बसली होती, आठवा सरत आलेला. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरचं, पण तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. वाघोलीला वडील आणि धाकटा भाऊ, दोघेच हातानं भाकरी थापून खात होते. तेव्हा वेणूबाई म्हणाली होती, "माझ्यापाशीच राहू द्या तिला. मी हाय की." ती वेणूबाई आता दाराशी उभी राहून भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाचं चित्र बघत होती.

बाईंनी रुपालीला बरंच विचारलं. अंगावरून पाणी जातंय का, ताप आला होता का, बाळ फिरतं का. मग म्हणाल्या, "दिवसभरात पाणी किती पितेस?"

"पिते की."

"पिते की म्हणजे किती?"

रुपालीनं सासूकडे पाहिलं. सासू चित्राकडेच बघत होती. "तहान लागंल तसं," रुपाली म्हणाली.

"तहान लागायची वाट बघायची नाही. ऊन किती पडलंय. थोडं थोडं सारखं प्यायचं. डाव्या कुशीवर झोपायचं. जेवण झालं की बाळ किती फिरतं त्याकडे लक्ष द्यायचं आणि कमी वाटलं तर घड्याळ न बघता इथं यायचं. नुसत्या पाण्यानं सगळं ठीक होईलच असं नाही, त्याची कारणं पुष्कळ असतात. पण जे आपल्या हातात आहे ते तरी करू. बाळ जरा बारीक आहे. आठवड्यानं पुन्हा बघते. नाहीच सुधारलं तर लवकर बाळंत करावं लागेल."

येताना टेम्पोत ज्ञानदेवाच्या मनात एकच घोळत होतं. एवढी गोड विहीर उशाला आणि आपल्याच घरात पाणी कमी!

आता ज्ञानदेवाच्या रानाबद्दल सांगायला हवं. गावठाणातलं घर वाटणीत भावाकडे गेलं आणि याच्या वाट्याला रानातली वस्ती आली, म्हणजे बापानं बांधलेलं दगडमातीचं घर, वर पत्रा. ओढ्याकडची निम्मी जमीन कंपन्यांसाठी सरकारनं घेतली. त्या वर्षी गावात जो तो उरलेली जमीन विकायला काढू लागला, तेव्हा ज्ञानदेवानं म्हातोबाच्या देवळात सगळ्यांदेखत बेलभंडारा उचलला होता. "माझ्या हातानं या रानात वीट पडायची न्हाई." जमिनींचे सौदे जुळवणारा तात्याराव तेव्हापासून त्याच्या बांधावर आला नाही. एकदा शपथ मोडली की माणूस सैल होतो आणि मग त्याच्याशी बोलता येतं, हे तात्यारावाला धंद्यानं शिकवलं होतं, आणि शपथ काही मोडत नव्हती. ज्ञानदेवाला या शब्दाचा मोठा अभिमान. चावडीवर तो बोलायला उभा राहिला की लोक ऐकून घेत.

ओढ्याकडच्या जमिनीवर मग काचेची इमारत उठली. ओढ्याकाठची निरगुडी आणि करवंदीची जाळी गेली आणि त्या जागी सात मजले निळी काच आली, वस्तीच्या अगदी तोंडासमोर. दिवसा तिच्यात आभाळ दिसायचं, मावळतीला ती पेटल्यासारखी लाल व्हायची. ज्ञानदेव तिच्याकडे बघायचाच नाही. त्याच्या लेखी ती तिथं नव्हतीच, आणि सगळा घोटाळा तिथंच होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं सुनेच्या पाण्याचं काम स्वतःकडे घेतलं. घरापुढच्या मांडवात सासू-सून जुड्या बांधायला बसत. पहाटे उपटलेल्या कोथिंबिरीचा ढीग मध्ये, भिजवलेलं केळीचं सोपट शेजारी. वेणूबाई मूठ धरायची, मुळं झटकायची आणि रुपाली वेढा मारून गाठ द्यायची. बसून करायचं काम म्हणून रुपालीनं ते सोडलं नव्हतं. ज्ञानदेवानं तांब्याची लहान कळशी चिंचेनं घासून लखलखीत केली, विहिरीतून ताजं पाणी शेंदलं आणि रुपालीच्या हाताशी आणून ठेवली. वर तांब्या पालथा.

"दुपार व्हायच्या आत ही रिकामी झाली पायजे," तो म्हणाला.

"व्हय मामा."

आणि दुपारी कळशी खरोखरच रिकामी असे. तो पुन्हा भरून ठेवी, संध्याकाळी ती पुन्हा रिकामी. ज्ञानदेवाला धन्य धन्य वाटलं. रात्री जेवताना तो मुलाला, चेतनला, सांगायचा, "दोन कळशा पिली पोरगी! डॉक्टरीणबाई बघतच राहील." चेतन कंपनीची बस चालवायचा. वाकडपासून माणसं भरून काचेच्या इमारतीपाशी सोडायची आणि संध्याकाळी पुन्हा भरायची. तो मान हलवून भाकरी मोडायचा आणि बायकोकडे बघायचा. रुपाली ताटात खाली बघत असायची.

चार-सहा दिवसांत मांडवालगतचा कोथिंबिरीचा वाफा पिवळा पडू लागला. आधी टोकाकडची पानं, मग देठ मऊ झाले आणि मुळाशी कुबट वास यायला लागला. कोथिंबीर तहानेनं मरते तेव्हा मान टाकते आणि पाणी जास्त झालं तर अशी सडते, हे ज्ञानदेवाला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं मुलाला धारेवर धरलं.

"चेत्या, सकाळी मोटर चालू करून कुठं तोंड घालून बसतूस? मांडवाकडचा वाफा सडवलास सगळा."

"आप्पा, सोमवारपासून मी अर्ली शिफ्टला आहे. मी मोटरला हातसुद्धा लावलेला नाही."

"मग पाणी काय आभाळातनं पडलं?"

"मला काय माहीत! वाफ्यांना पाणी सोडायला दारं तुम्हीच धरताय."

वेणूबाई चुलीपुढे होती. तिनं उगीचच लाकूड पुढे सारलं आणि धूर झाला. बोलणं तिथंच थांबलं.

आठवडा झाल्यावर ते पुन्हा चिंचवडला गेले. या खेपेला ज्ञानदेव जरा ऐटीतच बसला होता. बाईंनी कागद बघितला, मग रुपालीकडे बघितलं.

"अजून कमी झालंय."

"आवं, दोन कळशा..." ज्ञानदेव उठलाच.

"मग त्या कळशा कुणी दुसरंच पीत असेल," बाई कोरडेपणानं म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ रुपाली, पाणी फार कमी झालं तर नाळेवर दाब येतो, बाळाला त्रास होतो. मला घाबरवायचं नाहीये. पण आता तीन दिवसांनी यायचं, आणि मधे काहीही वाटलं तर लगेच."

रुपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र कमी नव्हतं. 

त्या दुपारी तो नेहमीसारखा निंबाखाली आडवा झाला नाही. कळशी भरून दिली, मोटरीच्या खोलीकडे निघाला आणि तिथं दाराच्या फटीशी बसून राहिला. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याला टोचत होतं. ऊन मी म्हणत होतं. मांडवात दोघींचे हात चालले होते. थोड्या वेळानं वेणूबाई उठली, कोपऱ्यावर गेली, निंबाकडे आणि बांधाकडे नजर टाकून आली आणि तिनं मान हलवली. रुपालीनं एका हातानं कंबर धरली, दुसऱ्या हातानं कळशी कलती केली आणि सगळं पाणी वाफ्यात सोडून दिलं. मग कळशीच्या ओल्या काठाला दोन बोटं लावून तिनं ती ओठांवरून फिरवली.

ज्ञानदेव बाहेर आला तेव्हा त्याला राग आला होता, पण मांडवापर्यंत पोहोचेस्तोवर रागाचं काय करावं ते त्याला कळेना. रुपाली त्याला बघून रिकामी कळशी पोटाशी धरून उभी राहिली.

"का गं?" एवढंच तो म्हणाला.

ती रडायलाच लागली. "मामा, माझी चुकी झाली," म्हणत आत गेली.

"तिला काय इचारता?" वेणूबाई म्हणाली. "मला इचारा."

"सांग मग."

"पाणी पिलं तर जायाला लागतं."

"मग जायाचं!"

"कुठं?"

ज्ञानदेवानं हात वर केला. चारी दिशांना आपलं रान आहे, हे दाखवायला तो हात उचलला गेला होता. पण हात ओढ्याकडे वळला आणि तिथं काच होती. तो बांधाकडे वळला, तर बांध काचेसमोर उघडा. घराच्या पाठीमागं आता नवा रस्ता होता आणि कंपनीच्या बसगाड्या जात होत्या. हात तसाच खाली आला.

"पयल्यांदा जाळी व्हती ओढ्याला," वेणूबाई म्हणाली. "आता दिस उगवायच्या आधी जायाचं आन् अंधार पडल्यावर जायाचं. मधी पाणी प्यायचं न्हाई. म्याच शिकवलं तिला, लगीन हून आली तवा. ती म्हणली, आत्या, त्या काचंतनं आतली माणसं दिसत न्हाईत, पर आपण दिसतो. खरंच हाय ते. पोटुशी बाईला तर दर घडीला जावं लागतं. कशी पिल ती पाणी?"

"आन् तू?"

"मी काय इगळी हाय?"

दर उन्हाळ्यात वेणूबाईला उन्हाळी लागायची. लघवीला आग व्हायची, ओटीपोट धरून ती कण्हायची, आणि ज्ञानदेव मोठ्या मायेनं तिला धण्याचं पाणी करून द्यायचा, तेही संध्याकाळी. उष्ण प्रकृती आहे बायकोची, असं तो लोकांना सांगायचा. ते सगळं त्याला आता आठवलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"येवढी वर्सं मला बोलली का न्हाईस?"

"तुमी देवळात बेलभंडारा उचलला तवा मी तिथंच हुबी व्हते," वेणूबाई म्हणाली. "तवाच कळलं मला, आता संडास काय हुत न्हाई. तुमचा शबुद मोडा म्हणून कसं सांगू?"

तिनं हे टोचून म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसतं सांगत होती.

शपथ मोडायला मात्र माणूस सहजी तयार होत नाही. ज्ञानदेवानं आधी शपथेत बसेल असा मार्ग काढला. विहिरीपासून लांब, उताराच्या अंगाला त्यानं खड्डा खणला, दोन फळ्या टाकल्या, चार बांबू रोवले, गोणपाट शिवून भिंती केल्या आणि वरून काचेला दिसू नये म्हणून पत्र्याचा तुकडा तारेनं बांधला. वीट एक नाही. तो स्वतःवर खूश झाला. रुपाली दोन दिवस बेतानं का होईना दुपारचं पाणी प्यायली.

तिसऱ्या दिवशी भर बारा वाजता वावटळ उठली. नांगरटीतून माती गोल फिरत आली, जुड्यांचा पाला उधळला आणि ज्ञानदेवाच्या डोळ्यांदेखत पत्रा तारेसकट उडून वाफ्यात पडला. पाठोपाठ गोणपाट फाटलं, बांबू कलंडले, आणि मध्ये रुपाली, जड अंगानं धड उठताही येत नसलेली, लुगडं दोन्ही हातांनी धरून बसलेली. समोर सात मजले काच. ज्ञानदेवानं झटकन पाठ फिरवली. "आगं धाव! धाव!" तो आभाळाकडे बघून ओरडत होता. वेणूबाई वाकळ घेऊन धावली आणि तिनं सुनेला पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळून घरात आणलं. आतून बराच वेळ रडणं ऐकू येत होतं, आणि वेणूबाईचं "कुणी न्हाई बघितलं, माझे बाय, जेवायची येळ हाय त्येंची."

ज्ञानदेव तसाच पाठ फिरवून उभा होता. पुन्हा वळला तेव्हा त्यानं पहिल्यांदा त्या इमारतीकडे नीट बघितलं. आत कोण आहे ते दिसत नव्हतं. काचेत त्याचं रान दिसत होतं, पिवळा वाफा दिसत होता, आणि मध्ये एक म्हातारा.

तो पायांत वहाणा घालून म्हातोबाला गेला. देवळात दुपारचं कुणी नव्हतं. नारळ फोडला आणि मोठ्यानं म्हणाला, कारण देवाशी हळू बोलायची त्याला सवय नव्हती, "देवा, बेलभंडारा म्या उचलला आन् भोगलं बायकांनी. आता शबुद मोडतो. राग धरायचा तर माझ्यावर धर, पोराबाळावर नगं." मग थोडा वेळ बसला. देव काही बोलला नाही, तेव्हा ज्ञानदेवानं ते होकारार्थी घेतलं.

विटा बैलगाडीतून आणायच्या तर गावातून आणाव्या लागणार आणि चहाच्या टपरीवर तात्याराव बसलेला असणार, हे त्याला ठाऊक होतं. ताडपत्री टाकून आणाव्यात असा मोह त्याला झाला. पण त्यानं गाडी उघडीच आणली.

"वीट पडली म्हणायची!" तात्याराव कप खाली ठेवून म्हणाला. टपरीवरची सगळी तोंडं वळली. "मग? रो-हाऊस किती काढणार?"

"एकच," ज्ञानदेव म्हणाला. "आन् ते इकायचं न्हाई."

लोक हसले. तात्यारावही हसला. "बांधतोयस काय पण?"

ज्ञानदेवानं बैल थांबवले. चारचौघांत हा शब्द काढायचा म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. "संडास," तो म्हणाला. "बायकोला आन् सुनंला. दिसभर पाणी पेत नव्हत्या दोघी. मला येड्याला ठावंच नव्हतं."

हसणं थांबलं. एकजण चहाच्या कपात बघू लागला, दुसऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. बहुधा प्रत्येकाला आपापलं घर आठवलं असावं. ज्ञानदेवानं बैलांना हाक दिली. मागून तात्याराव ओरडला, "भांडं आणू नको विकत! माझ्या साइटवर एक उरलंय!" संध्याकाळी खरंच ते आलं, आकाशी रंगाचं, सोबत पाच-पंचवीस फरश्याही. तात्याराव बांधावर उभा राहून म्हणाला, "जमिनीचं नाही बोलत बाबा आज." आणि खरोखरच बोलला नाही, हे त्याच्याकडून पुष्कळच होतं.

गेनबा गवंडी दुसऱ्या दिवशी दोरी-ओळंबा घेऊन आला. पहिली वीट ज्ञानदेवानं स्वतः ठेवली.   शोषखड्डा त्यानंच खणला, मालही त्यानंच कालवला आणि गेनबाच्या मागं लकडा लावून भिंती उभ्या केल्या. दार काचेकडे पाठ करून. आतून कडी, तीही मोठी, तालमीच्या दाराला असते तसली. सिमेंट वाळेस्तोवर त्याला धीर निघत नव्हता. तो सारखा जाऊन बोटानं टोचून बघायचा आणि गेनबाच्या शिव्या खायचा.

दार उघडलं त्या दिवशी कळशी पुन्हा रुपालीच्या हाताशी ठेवली गेली, पण ज्ञानदेवानं काही बजावलं नाही. रुपालीनं तांब्या भरला, तोंडाला लावला आणि डोळे मिटून सगळा रिकामा केला. दुपारी तिनं स्वतःच दुसरी कळशी मागितली. संध्याकाळी ती वेणूबाईला म्हणाली, "आत्या, डोकं दुखायचं थांबलं बघा." आपलं डोकं रोज दुखतं हेसुद्धा तिनं तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मधल्या खेपांना डॉक्टरीणबाईंनी कागद बघून नुसती मान हलवली होती. या खेपेला त्या म्हणाल्या, "थोडं वाढलंय. अजून भरपूर नाही, पण वाढलंय."

"संडास बांधला," ज्ञानदेव म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. रुपालीकडे बघितलं, मग वेणूबाईकडे. त्यांना सगळं समजायला फार वेळ लागला नाही. "मी किती पितेस ते विचारलं," त्या हळूच म्हणाल्या, "का पीत नाहीस ते विचारायला हवं होतं." मग पुन्हा नेहमीच्या आवाजात, "बरं, आता पोटावर लक्ष ठेव."

रुपालीनं ठेवलं. वैशाखात एका सकाळी न्याहारी झाल्यावर ती डाव्या कुशीवर पडली, बराच वेळ पडून राहिली आणि मग उठून थेट मांडवात आली. सासूला मध्ये न घालता तिनं सासऱ्याला सांगितलं, "मामा, बाळ आज गप हाय."

मार्केट यार्डला जायचा टेम्पो भरून उभा होता. ज्ञानदेवानं कोथिंबिरीची पोती भराभर खाली ओढली, ओलं गोणपाट अंथरलं, वर वाकळ टाकली आणि सासू-सुनेला बसवून टेम्पो चिंचवडला पिटाळला. पोती उन्हात पडून राहिली. जन्मात पहिल्यांदा त्यानं माल सुकू दिला आणि मागं वळून बघितलं नाही.

बाईंनी बाळाचे ठोके ऐकले. "चांगले आहेत, पण आता वाट बघण्यात अर्थ नाही," म्हणाल्या आणि कळा यायचं औषध सुरू केलं. ठोक्यांचं यंत्र पोटावर बांधलेलंच होतं. ज्ञानदेव बाहेर बाकावर बसून ते टकटक ऐकत होता. मधेच ते मंद झालं की तो उठून दाराशी जायचा, पुन्हा चालू झालं की तो टोपी काढून घाम पुसायचा. चेतन बस डेपोला लावून धावत आला आणि बापाशेजारी बसला. दिवेलागणीच्या सुमाराला आतून रडण्याचा आवाज आला, बारीक, पण चिडका.

"मुलगी," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "वजनानं जरा कमी आहे. रडली छान. आईच्या छातीशी उघडीच ठेवलीय, वरून पांघरूण. तिला ऊब तीच. आणि अंगावरचं दूध, बाकी काही नाही."

वेणूबाईनं पदराआडून चांदीची वाटी काढली. "थोडा मध..."

"तो तुम्ही घरी भाकरीबरोबर खा, आजी."

"आन् पाणी?" ज्ञानदेवानं विचारलं.

"बाळाला थेंबभरही नाही. आईला पाहिजे तेवढं."

वेणूबाईनं वाटी पुन्हा पदराआड ठेवली आणि तांब्या घेऊन आत गेली. दारातून ज्ञानदेवाला तिचं बोलणं ऐकू आलं. "पी. माझ्या टायमाला सासूनं तांब्या लपवून ठिवला व्हता, बाळंतिणीनं पेऊ न्हाई म्हणून. तू पी." चेतननं तोंड फिरवून डोळे पुसले. ज्ञानदेवानं पुसले नाहीत, ते आपोआप वाहू दिले. नात झाली होती त्याला.

बाळ घरी आलं. आधी मुठीएवढं वाटायचं, मग दिसामाजी भरू लागलं. रुपाली तिला छातीशी बांधून बसायची. ती दमली की वेणूबाई आपल्या उघड्या छातीवर तिला घेऊन वाकळ पांघरायची, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं. बारसं अजून व्हायचं होतं, पण ज्ञानदेव तिला मनातल्या मनात पंधरा नावांनी हाका मारून बघत होता. मांडवाकडचा सडलेला वाफा त्यानं उकरून टाकला आणि नवे धणे पेरले.

एका दुपारी तो निंबाखाली आडवा होता. ऊन डोळ्यांत मावत नव्हतं. समोर काच पेटली होती. मांडवातून वेणूबाई उठली, पदरानं मान पुसली आणि विहिरीपाशी आली. तिनं बादली शेंदली, तांब्या बुडवला आणि तिथंच, उघड्यावर, काचेसमोर उभी राहून तो तोंडाला लावला. मान मागं, गळा वर-खाली होतोय, हनुवटीवरून धार गळतीय, चोळी भिजतीय. तिनं मधे श्वाससुद्धा घेतला नाही.

ज्ञानदेव कोपरावर उठून बसला. लग्नाला एवढी वर्षं झाली, या विहिरीचं पाणी त्यानं अख्ख्या गावाला पाजलं, पण बायको दुपारचं पाणी पिते का, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.  काहीतरी बोलायला हवं होतं आणि नेहमीचंच तेवढं सुचलं.

"गोड हाय का?"

वेणूबाईनं मनगटानं ओठ पुसले. क्षणभर विचार केला, जणू कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"दुपारचं लई गोड लागतंय," ती म्हणाली, आणि तिनं तांब्या पुन्हा भरला.